कालव्यावरची सुट्टी, घरचं जेवण: इंग्लंडमध्ये नॅरोबोट भाड्याने घेणाऱ्यांसाठी

केरळच्या हाउसबोटीवर चालक असतो, आचारी असतो, आपण खुर्चीत बसून नारळाची झाडं मोजायची. इंग्लंडच्या कालव्यावर बोट भाड्याने घेतली की चालक तुम्ही, खलाशी तुम्ही आणि आचारीही तुम्हीच. लायसन्स लागत नाही, आधी बोट चालवलेली असण्याची अट नाही. किल्ली हातात देण्यापूर्वी भाड्याने देणारे तासभर शिकवतात आणि पुढे तुम्ही मोकळे. म्हणूनच बरेच जण कागदावर आखून आलेला बेत पहिल्याच दिवशी बिघडवून बसतात.

इथे जे लिहिलंय ते दोघं ते सहा जणांच्या कुटुंबासाठी आहे: तिकडे राहणारे, किंवा मुलाकडे-मुलीकडे लंडन, लेस्टर, बर्मिंगहॅमला आलेले आई-बाबा सोबत असलेले. स्वतःला काहीच करायचं नसेल तर ‘हॉटेल बोट’ हा वेगळा प्रकार आहे. तिथे बोट कर्मचारी चालवतात आणि जेवणही तेच करतात. शाकाहारी असाल, कांदा-लसूण चालत नसेल, तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. बोटीवर ऐन वेळी दुकान सापडत नाही.

एक शब्द आधीच नीट करून घेऊ. आपण सरसकट ‘बार्ज’ म्हणतो, पण तिथले लोक रुंद बोटीलाच बार्ज म्हणतात. तुम्हाला मिळेल ती नॅरोबोट: रुंदी फक्त ६ फूट १० इंच, कारण मध्य इंग्लंडमधली जुनी लॉक जेमतेम ७ फूट रुंद आहेत. लांबी ३० फुटांपासून ७० फुटांपर्यंत. म्हणजे आगगाडीचा डबा अर्ध्यात उभा चिरला तर जे उरेल, तसं घर.

१. कालवा निवडा, मग बोट

इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग ‘कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट’ ही संस्था सांभाळते. एवढ्यातून निवडायचं तर एकच प्रश्न विचारा: लॉक किती? लॉक म्हणजे पाण्याचा जिना. बोट आत घ्यायची, दारं लावायची, पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करायची.

हिशोब साधा आहे. बोटीचा वेग ताशी ३ मैलांच्या आसपास धरा. मर्यादा ताशी ४ मैलांची आहे, पण उथळ कालव्यात तेवढा वेग क्वचितच मिळतो. प्रत्येक लॉकला १५ ते २० मिनिटं. म्हणजे ९ मैल आणि ६ लॉक म्हटलं की ३ तास अधिक २ तास, झाले ५. नवख्यांनी दिवसाला ५ तासांच्या वर जाऊ नये. नकाशावर गोल फेरी फार सुंदर दिसते, पण ‘फोर काउंटीज रिंग’मध्ये ११० मैल आणि ९४ लॉक आहेत. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ हँडल फिरवत बसलात तर भाजी कोण चिरणार?

नवख्यांसाठी तीन मार्ग:

- लँगॉलेन कालवा (एल्समिअर किंवा चर्कहून सुरुवात). एल्समिअर ते लँगॉलेन साधारण २० मैल आणि वाटेत लॉक फक्त दोन, न्यू मार्टनची. १८०५ साली खुला झालेला पाँतकसल्ते जलसेतू याच मार्गावर आहे. ३८ मीटर उंचीवर, ३०७ मीटर लांबीच्या लोखंडी पन्हळीतून बोट दरी ओलांडते. २००९ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.
- केनेट अँड एव्हन, ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन ते बाथ. ब्रॅडफर्डचं लॉक सोडलं की बाथच्या वेशीपर्यंत सुमारे ९ मैल एकही लॉक नाही. तीन रात्रींसाठी उत्तम.
- ॲशबी कालवा. २२ मैल, लॉक नाही, गर्दी कमी. प्रेक्षणीय म्हणावं असं फार नाही, पण आजी-आजोबा सोबत असतील तर हाच घ्या.

पहिल्या खेपेला लँगॉलेन घ्या, फक्त जुलै-ऑगस्ट टाळा. तेव्हा ब्रिटिश शाळांना सुट्टी असते, भाडं सर्वांत चढं असतं आणि अरुंद जागांवर बोटींची रांग लागते. मे, जून आणि सप्टेंबर बरे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत दुरुस्तीसाठी ठिकठिकाणी लॉक बंद ठेवतात. निघण्याच्या आदल्या आठवड्यात ट्रस्टच्या संकेतस्थळावर आपल्या मार्गाच्या बंदच्या सूचना पाहून घ्या. पाऊस कमी झाला तर उन्हाळ्यातही काही कालवे बंद होतात.

२. बुकिंग करताना विचारायचे प्रश्न

बुकिंग आठवड्याचं असतं किंवा ‘शॉर्ट ब्रेक’चं: शुक्रवार ते सोमवार, नाहीतर सोमवार ते शुक्रवार. बोट दुपारी दोन-तीनच्या पुढे मिळते आणि परत करायची सकाळी नऊच्या सुमारास. म्हणजे चार रात्रींत पुरते दिवस तीनच.

*किती जण झोपतात?* ‘सहा जणांची’ असं लिहिलं असेल तर त्यात जेवणाच्या टेबलाचा पलंग धरलेला असतो. रोज रात्री टेबल उतरवून गाद्या लावायच्या, सकाळी पुन्हा टेबल. चार जणांनी सहाची बोट घ्यावी, म्हणजे टेबल टेबलच राहतं.

*संडास कोणता?* कॅसेट असेल तर साधारण २० लिटरची पेटी तुम्हालाच ओढत नेऊन ठरलेल्या जागी रिकामी करायची. चार माणसांत ती दोन दिवसांत भरते. ‘पंप-आउट’ असेल तर मोठी टाकी असते, रिकामी करायचं काम बोटतळावर होतं. नवख्यांनी पंप-आउटच मागावा.

*डिझेल भाड्यात धरलंय का?* काही ठिकाणी वेगळं लावतात. इंजिन तासाला एक ते दीड लिटर खातं, त्यावरून अंदाज बांधा. पार्किंग आणि नुकसान-हमीची रक्कमही आत्ताच विचारून ठेवा.

*मुलांची लाइफ जॅकेट आहेत का?* वय आणि वजन कळवून मापाची राखून ठेवायला सांगा. बहुतेक ठिकाणी फुकट देतात.

गुडघे दुखणारं कोणी सोबत असेल तर मागच्या दारातल्या पायऱ्यांचा फोटो मागवा. तीन-चार पायऱ्या असतात, पण शिडीसारख्या उभ्या.

३. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं:

- बुकिंग करणाऱ्याचं फोटो ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा; भारतातून येणाऱ्यांनी पासपोर्ट आणि व्हिजिटर व्हिसा
- बोटीवरच्या सगळ्यांची नावं-वयं लिहिलेला कंपनीचा फॉर्म
- अनामतीसाठी कार्ड
- प्रवास विमा. बोट भाड्याने घेऊन स्वतः चालवणं त्यात बसतं का, ते वाचून घ्या

सामान:

- मऊ पिशव्या. कडक सुटकेस बोटीत ठेवायला जागाच नसते. ती चार दिवस मधल्या वाटेत उभी राहते आणि सगळे तिला लाथा मारत जातात. ती गाडीत किंवा घरी ठेवा
- पकड असलेले बूट, प्रत्येकी एक रेनकोट. टिलरजवळ (बोट वळवायचा मागचा दांडा) छत्री निरुपयोगी
- दोर ओढायला बागकामाचे हातमोजे
- विजेरी, गाडीतला फोन चार्जर

विंडलास, बोट बांधायचे खुंटे, हातोडा आणि ट्रस्टची किल्ली (वाटेतले पाण्याचे नळ उघडायची) बोटीवर मिळते. विंडलास म्हणजे लॉकची झडप फिरवायचं इंग्रजी एल आकाराचं हँडल. दोन मागून घ्या. एक पाण्यात पडतंच.

४. स्वयंपाकघर: काय असतं, काय न्यायचं

नॅरोबोटीत चार बर्नरची गॅसची शेगडी, खाली छोटा ओव्हन, वर ग्रिल, १२ व्होल्टवर चालणारा फ्रीज आणि एक सिंक असतं. गॅस पुढच्या टोकाच्या कप्प्यातल्या प्रोपेनच्या सिलिंडरमधून येतो. ताटं, वाट्या, कप, सुऱ्या, दोन-तीन पातेली असतात. तवा, पोळपाट-लाटणं, कुकर, चिमटा, चहाची बारीक गाळणी नसते.

*घरून न्या:* ५ लिटरचा कुकर आणि त्याचे दोन डबे, २५ सेंटिमीटरचा सपाट तवा, लाटणं (पोळपाटाचं काम ओट्यावर भागतं), मिसळणाचा डबा, गाळणी, अर्ध्या लिटरचे दोन थर्मास. इंडक्शनची शेगडी आणि मिक्सर नेऊ नका. इन्व्हर्टरला तो भार पेलत नाही. बॅटरी उतरली की सगळ्यात आधी फ्रीज बंद पडतो, आणि ते दूध नासल्यावरच कळतं. वाटण, दाण्याचं कूट, ओल्या खोबऱ्याचा चव घरूनच करून न्या. खोबरं गोठवून नेलं तर पहिल्या दिवशी फ्रीजला बर्फाचीही मदत होते.

बर्नर एकमेकांना खेटून असतात. मोठा तवा आणि कुकर शेजारी-शेजारी बसत नाहीत, तिरपे ठेवावे लागतात: पुढे डावीकडे कुकर, मागे उजवीकडे तवा.

*भारतातून येताना* तूप, पेढे, पनीर, खवा, मांसाचं लोणचं यातलं काही आणू नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये न्यायला बंदी आहे आणि विमानतळावर ते काढून घेतात. ताज्या भाज्याही नकोत. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, पापड, कोरड्या चटण्या आणायला हरकत नाही. बाकी डाळी, कणीक, पोहे, रवा, तूप तिथल्या मोठ्या सुपरमार्केटात सहज मिळतं. एल्समिअरला तर कालव्याचा फाटा जिथे संपतो तिथेच टेस्को आहे. बोट बांधून पिशवी घेऊन चालत जायचं.

चार माणसं, चार रात्री यासाठी शिधा असा:

- तांदूळ १.५ ते २ किलो
- तूरडाळ ५०० ग्रॅम, मूगडाळ ५०० ग्रॅम
- कणीक १ किलो (दोन वेळच्या पोळ्या, बाकी वेळी दशम्या किंवा तयार पराठे)
- जाडे पोहे ५०० ग्रॅम, रवा ५०० ग्रॅम, थालीपिठाची भाजणी ५०० ग्रॅम
- बेसन ३०० ग्रॅम, दाण्याचं कूट २५० ग्रॅम
- तेल १ लिटर, तूप २०० ग्रॅम
- कांदे २ किलो, बटाटे २ किलो, आलं, लसूण, मिरच्या, कोथिंबीर, लिंबं ६
- मोठी वांगी २, कोबी १, गाजरं, टोमॅटो
- दूध आणि दही वाटेत, एका वेळी एकच बाटली. फ्रीज लहान असतो

५. रोजचा स्वयंपाक केव्हा आणि कसा

नियम एकच पाळा: तेल तापतंय तेव्हा बोट बांधलेली हवी. शेजारून बोट गेली तर पाणी फार हलत नाही, पण पुलाच्या कडेला बोट घासली की कढईतलं तेल थेट पायावर येतं. लॉकमध्ये असताना शेगडी पूर्ण बंद. चालत्या बोटीत फार तर चहा, तोही किटलीत पाणी उकळून.

म्हणून दिवस असा लावा. सकाळी ७ ला पाण्याची किटली, त्याच वेळी न्याहारी: पोहे, उपमा किंवा थालीपीठ. त्याच शेगडीवर दुपारची सोय उरकून घ्यायची: लिंबूभात, तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या आणि बटाट्याची कोरडी भाजी. टिलरवर उभ्या असलेल्या माणसाला एका हाताने खाता आलं पाहिजे, वाटी-चमचा चालत नाही. दशमीची गुंडाळी करून कागदात दिली की तो खूश. दोन्ही थर्मास भरून मागच्या दाराशी. साडेआठला दोर सोडायचे, दीड-दोनला बांधायचे. संध्याकाळी निवांत गरम जेवण.

रात्रीला पिठलं-भात सर्वांत सोयीचा. भाताला एक बर्नर, पिठल्याला एक, २० मिनिटांत पानं वाढता येतात आणि घासायला भांडी दोनच. एका रात्री वरण-भात-भाजी-पोळी, एका रात्री मुगाची खिचडी, पापड, कढी.

एक रात्र भरताची ठेवा. शेगडीच्या ज्योतीवर वांगं भाजलं की तेलकट राख बर्नरमध्ये पडते आणि बोट परत करताना घासत बसावं लागतं. त्याऐवजी ग्रिल वापरा. वांग्याला तेलाचा हात लावा, सुरीने सहा-सात ठिकाणी टोचा, नाहीतर ते फुटतं. ट्रेला फॉइल लावून ग्रिल मोठ्यावर ठेवा, दार उघडं. दर सहा-सात मिनिटांनी पाव फेरा वळवा. साधारण २५ मिनिटांनी साल काळी पडून सुरकुतते आणि देठाजवळ दाबलं की बोट आत जातं. झाकून ठेवा, साल निघून येते. चुलीचा धूर नसला तरी करपलेला वास पुरेसा येतो. वर दाण्याचं कूट आणि कच्चा कांदा.

*धुराचा अलार्म.* नॅरोबोटीत छत डोक्याच्या वर वीतभर असतं. लाल मिरचीची फोडणी दिली की अलार्म वाजतो. फोडणीआधी बाजूच्या खिडक्या आणि पुढचं दार उघडा. टॉवेलने अलार्म झाकू नका, बॅटरी काढू नका. शेजारचा दुसरा डबा कार्बन मोनॉक्साइडचा असतो. तो वाजला तर गॅस बंद करून सगळे बाहेर. याच कारणासाठी छतावरच्या छत्रीसारख्या झडपा थंडी वाजते म्हणून बोळे घालून बुजवू नका आणि ऊब म्हणून शेगडी पेटती ठेवू नका.

*सिंक.* सिंकचं आणि न्हाणीचं पाणी थेट कालव्यात जातं. तेलकट कढई आधी कागदाने पुसा, तो कागद कचऱ्यात, मग धुवा. उरलेलं वरण सिंकमध्ये ओतू नका. उरलेलं अन्न बदकांनाही घालू नका, मसाल्याचं तर नाहीच.

*हात.* दोर, खुंटे, विंडलास हाताळून लगेच कणीक मळायची नाही. कालव्याच्या पाण्यात लेप्टोचे जंतू असू शकतात. मुंबईच्या पावसाळ्यात ज्याची भीती असते तेच हे. जखमेवर पट्टी, आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात.

६. बोट चालवणं

बोटीला स्टिअरिंग नसतं, मागे टिलर नावाचा दांडा असतो. दांडा डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे. पहिला अर्धा तास सगळेच चुकतात. बोट मधल्या बिंदूभोवती फिरते, म्हणून नाक वळलं की शेपूट उलट बाजूला जातं आणि तिथे काठ असतो. दांडा ढकलल्यावर बोटीने ऐकायला तीन-चार सेकंद लागतात; तेवढ्यात धीर सोडून आणखी ढकललात तर बोट नागमोडी जाते.

ब्रेक नाही. थांबायचं तर रिव्हर्स, आणि रिव्हर्समध्ये टिलर जवळजवळ काम करत नाही. एरवी मधून चाला. समोरून बोट आली की उजवीकडे सरा. आपल्या रस्त्याच्या उलट आहे, हे चालवणाऱ्याला आठवण करून द्या. बांधलेल्या बोटी दिसल्या की इंजिन अगदी मंद, शेवटची बोट मागे पडेपर्यंत. नाहीतर त्यांचे खुंटे उपटतात आणि कोणाच्या तरी चहाचा कप सांडतो.

बोट गाळात रुतली तर पुढे जोर देऊ नका. सगळ्यांना खोल पाण्याच्या बाजूला उभं करा, रिव्हर्स घ्या, छतावरच्या लांब काठीने ढकला. हाताने किंवा पायाने काठ, पूल, दुसरी बोट अडवायला कधीही जाऊ नका. बोटीचं वजन १५ टनांच्या घरात असतं, हाड टिकत नाही.

अचानक वेग कमी झाला, इंजिन थरथरू लागलं, तर बोट ढकलणाऱ्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) काहीतरी अडकलंय: पिशवी, दोर, तार. शहरी भागात कपडे, क्वचित साडीसुद्धा. इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात घाला, मग मागचं वीड हॅच, म्हणजे पंख्याच्या वरचं झाकण, उघडून काढा. झाकण पुन्हा घट्ट बसलंय याची दोनदा खात्री करा. ते सैल राहिलं आणि इंजिन चालू केलं तर पंखा पाणी आत फेकतो. बोटी बुडतात त्या अशाने.

लँगॉलेनवर एक खास गोष्ट. या कालव्याला प्रवाह आहे. डी नदीचं पाणी हॉर्सशू फॉल्सपाशी आत घेऊन पार हर्ल्स्टनच्या जलाशयापर्यंत नेतात. त्यामुळे लँगॉलेनकडे जाताना वेळ जास्त लागतो, येताना कमी. जलसेतू ओलांडला की ट्रेव्हर गाव लागतं; त्याच्या पुढे तीन जागा इतक्या अरुंद आहेत की एकच बोट मावते. एकाला पायवाटेने पुढे पाठवा, समोर कोणी नाही असा फोन आला की मगच बोट घाला. जलसेतूवर पायवाटेच्या बाजूला कठडा आहे, दुसऱ्या बाजूला पन्हळीची वीतभर कड आणि खाली दरी. मुलं आत किंवा पुढच्या खोलगट डेकवर बसवा, आणि उंचीची भीती असणाऱ्याला टिलर देऊ नका.

७. लॉक: घाई न करता

मोठ्याने वाचून सगळ्यांनी समजून घ्या. चुका इथेच होतात.

*वर जाताना:*

१. लॉक रिकामं आहे का पाहा. भरलेलं असेल आणि वरून कोणी येत असेल तर त्यांना आधी येऊ द्या. एका भरणीला लाखभर लिटरहून जास्त पाणी जातं, ते फुकट सोडू नये.
२. खालची दारं उघडून बोट आत, दारं बंद, खालच्या झडपा बंद.
३. वरच्या जमिनीतल्या झडपा आधी अर्ध्या उघडा. बोट स्थिरावली की पूर्ण. दारातल्या झडपा त्यांचं तोंड पाण्याखाली गेल्यावरच, नाहीतर धबधबा थेट पुढच्या डेकवर.
४. नाक वरच्या दाराच्या फळीखाली अडकत नाही ना, यावर एकाने नजर ठेवायची.
५. पाणी समान झाल्यावरच दार उघडतं. पाठ टेकवून पायाने रेटा. उघडत नसेल तर अजून पाणी समान नाही, थांबा.
६. बोट बाहेर, झडपा बंद, दार बंद.

*खाली जाताना* धोका वेगळा. वरच्या दाराच्या आत पाण्याखाली दगडी उंबरठा असतो, त्याला सिल म्हणतात. तो कुठे संपतो ते भिंतीवर पांढऱ्या रेघेने दाखवलेलं असतं. शेपूट त्या रेघेच्या पुढे ठेवा आणि पाणी उतरेपर्यंत तिथेच धरा. मागे सरकली तर पाणी उतरताना शेपूट उंबरठ्यावर टेकतं, नाक खाली जातं, बोट तिरकी होऊन पाणी घेते. असं दिसताच ओरडा, खालच्या झडपा ताबडतोब टाका, मग वरच्या हळूहळू उघडून लॉक पुन्हा भरा. आणि उतरताना दोर कुठेही बांधून ठेवू नका. पाणी खाली जातं, बोट दोराला लटकते.

विंडलास झडपेच्या दांड्यावर सोडून हलू नका. खटका निसटला तर ते गरगर फिरत सुटतं. दात आणि मनगटं त्यानेच मोडतात. टिलरवरच्याला दिसेल असा एकच माणूस इशारे देईल हे आधी ठरवा. काठावरून चौघांनी चार सूचना केल्या की भांडणाची सोय होते, आणि लॉकपाशी बघे असतातच.

८. बांधणं, पाणी, वीज

पायवाटेच्या बाजूला, जिथे फलक नाही तिथे १४ दिवसांपर्यंत फुकट बांधता येतं. वळणावर, पुलाखाली, लॉकच्या थांब्यावर, बोट वळवायच्या रुंद जागेत बांधू नका. पुढचा आणि मागचा, दोन्ही दोर बांधा. मधला दोर फक्त काठाला ओढून घ्यायला. तो बांधून झोपलात तर शेजारून बोट गेली की तुमची बोट कलंडल्यासारखी डुलते. खुंटा तिरपा ठोका आणि त्यावर पांढरी पिशवी बांधा, रात्री कोणी अडखळू नये म्हणून.

पाण्याची टाकी रोज भरा, सकाळी न्याहारी चालू असताना. नळ ट्रस्टच्या किल्लीने उघडतो, टाकी भरायला अर्धा ते एक तास जातो. गरम पाणी आणि वीज इंजिनमधून मिळते. दिवसाला ४-५ तास बोट चालली की रात्रीची सोय झाली. रात्री ८ ते सकाळी ८ बांधलेल्या बोटीचं इंजिन चालू ठेवायचं नाही. आंघोळ तीन मिनिटांची, हे मुलांना आधीच सांगा.

संध्याकाळी बोट बांधल्यावर मागच्या पंख्याच्या दांड्यावरचा ग्रीसचा स्क्रू घट्ट लागेपर्यंत फिरवा; सकाळी तेलाची कांडी पाहा. कसं ते शिकवणीच्या तासाला व्हिडिओ काढून ठेवा, तेव्हा सगळं कळल्यासारखं वाटतं आणि रात्री काही आठवत नाही.

मुक्काम केला की जवळच्या पुलाचा नंबर लिहून ठेवा. प्रत्येक पुलावर पाटी असते. ९९९ ला (तिथला तातडीच्या मदतीचा नंबर) फोन करायची वेळ आली तर ‘झाडांच्या मध्ये’ हा पत्ता चालत नाही. कालव्याचं नाव आणि पुलाचा नंबर चालतो.

९. चार रात्रींचा नमुना, एल्समिअरहून

सोमवारी दुपारी ताबा, दोन तास चालून मुक्काम, पिठलं-भात. मंगळवारी न्यू मार्टनची दोन लॉक, चर्कचा जलसेतू आणि बोगदा. पाँतकसल्तेच्या अलीकडे थांबा, तो सकाळच्या उजेडात बघायचा. बुधवारी जलसेतू, दुपारपर्यंत लँगॉलेन. बोट तिथल्या धक्क्यावरच वळवायची, पुढे इंजिनच्या बोटींना परवानगी नाही. हॉर्सशू फॉल्सपर्यंत पायवाटेने चालत जा, आणि संध्याकाळच्या आत बोट ट्रेव्हरपर्यंत मागे आणा, नाहीतर गुरुवार पाच तासांच्या वर जातो. गुरुवारी उरलेली परतीची वाट, प्रवाहाची साथ असते. गुरुवारचा मुक्काम बोटतळापासून तासाभराच्या आत हवा, कारण शुक्रवारी सकाळी नऊला उशीर झाला तर दंड लागू शकतो.

रेल्वेने येणार असाल तर एल्समिअरला स्टेशन नाही. गोबोवेनला उतरून टॅक्सी करा. चर्कहून बोट घेतलीत तर स्टेशन कालव्याच्या जवळच आहे.

१०. परत करताना

शेवटच्या रात्री शिळं संपवायचं: उरलेल्या भाताचा फोडणीचा भात, भाज्यांचं कोशिंबीर-थालीपीठ काय होईल ते. सकाळी शेगडीच्या जाळ्या काढून धुवा, हळदीचे डाग ओट्यावरून लिंबाच्या फोडीने निघतात. विंडलास, खुंटे, हातोडा, किल्ली मोजून एका जागी ठेवा. टेबलाच्या बाकाखालचा कप्पा उघडून पाहा. मिसळणाचा डबा तिथेच राहतो.